लेबर रूममध्ये आई सोबत थांबू शकते का?

प्रश्न: ताई, मला आठवा महिना लागलाय. पहिल्या वेळी सरकारी दवाखान्यात आईला बाहेरच बसवलं, आणि मी कळांनी ओरडले तर नर्स अंगावर खेकसली. यावेळी आईला आत घेतील का?

उत्तर: अगं, वाचून फार वाईट वाटलं, कळा सोसताना ओरडणं हा काय गुन्हा आहे का! सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत घरची एक बाई आत थांबू शकते हे केंद्र सरकारने २०१६ लाच सांगितलंय, २०१७ च्या ‘लक्ष्य’ या लेबर रूम सुधारण्याच्या सरकारी कार्यक्रमातही तेच आहे. आईचे कपडे स्वच्छ हवेत, संसर्गाचा आजार नको आणि उपचारात मध्येमध्ये करायचं नाही, एवढंच. कळ आली की कंबर चोळायला, घोटभर पाणी द्यायला आपलं माणूस हवंच गं. पुढच्या तपासणीला आशाताईंना सोबत ने आणि सिस्टरशी आत्ताच बोलून ठेव.