टिकवणे, तगवणे, राखणे, जपणे

प्रश्न : ‘टिकवणे’ या क्रियापदाऐवजी ‘तगवणे’, ‘राखणे’ किंवा ‘जपणे’ वापरल्यास अर्थ बदलतो का?

उत्तर : बदलतो, आणि सर्वांत अधिक ‘तगवणे’मुळे बदलतो. कैरीचे लोणचे वर्षभर टिकावे म्हणून फोडी पूर्ण बुडतील इतके तेल त्यात घालतात; येथे वस्तूचा मूळ गुण कायम राहणे अपेक्षित असते. याउलट मराठवाड्यात दुष्काळी वर्षी चारा छावणीत जनावरे तगवली जातात किंवा टँकरच्या पाण्यावर मोसंबीची बाग तगवली जाते, तेव्हा भरभराटीची अपेक्षा नसते, पाऊस येईपर्यंत जीव धरून राहावा एवढाच हेतू असतो. म्हणूनच ‘लोणचे तगले’ असे कोणी म्हणत नाही.

‘राखणे’ या क्रियापदात पहारा आणि मर्यादा आहे : शेत राखतात, मान राखतात, बँकेच्या खात्यात किमान शिल्लक राखतात. ‘जपणे’ला जिव्हाळा लागतो, त्यामुळे नाती जपावीत. ‘सातत्य मेंटेन करणे’ हा प्रयोग हल्ली सर्रास आढळतो. ‘सातत्य राखणे’ रूढ असताना त्याची गरज मला मुळीच वाटत नाही. कायदा न्यायालयात टिकतो, तेथे मात्र उरलेल्या तिघांपैकी एकही क्रियापद चालत नाही.