कैरोला निघण्याआधी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कैरोला काय सामान न्यायचं त्याची यादी काकूंकडून मागून घे, असं तू आईला सांगितलंस. यादी देते, पण ती पत्राच्या शेवटी येईल. त्याआधी जे लिहायचं आहे ते सामानापेक्षा महत्त्वाचं आहे, आणि ते मला तुलाच लिहायचं आहे, सूनबाईला नाही. तिची काळजी करायला मंत्रालय आहे, दूतावास आहे, वरिष्ठ आहेत.

तुझ्या बायकोला परराष्ट्र सेवेत अरबी भाषा मिळाली, कैरोच्या दूतावासात थर्ड सेक्रेटरी, म्हणजे सुरुवातीच्या पदावरची अधिकारी, म्हणून नेमणूक झाली. आता तिचा दिवस सरकारनं आखून दिलेला आहे. सकाळी भाषेचा वर्ग, मग दूतावासातलं काम, रात्री पुन्हा अभ्यास. भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरीत कायम होता येत नाही, त्यामुळे हा अभ्यास हौसेचा नाही. तुझा दिवस मात्र कोणीच आखलेला नाही. पहिले काही आठवडे ते जाणवणार नाही. घर पाहणं, गॅस, इंटरनेट, पडदे, भाजी कुठं मिळते, यात वेळ जातो. घर लागलं की मग एका सकाळी ती दार ओढून निघून जाते आणि आपल्यासमोर अख्खा दिवस उभा राहतो. परदेशातल्या पहिल्या नेमणुकीत मी जी घरं कुरकुरताना पाहिली, ती जेवणामुळं किंवा हवेमुळं नाही, या रिकाम्या दिवसामुळं. म्हणून तुझ्या दिवसाचं काय करायचं ते इथेच, नागपुरातच, दोघांनी बसून ठरवा. तिथं गेल्यावर ठरवू म्हणाल, तर तिला वेळ नसेल आणि तुझ्या बोलण्यात तक्रार आलेली असेल.

तुझ्या मिहानमधल्या कंपनीनं तोंडी सांगितलं आहे म्हणे, की लॅपटॉप घेऊन जा आणि तिथून काम कर. या तोंडी बोलण्यावर विसंबू नकोस. 1961 च्या व्हिएन्ना करारानं राजनैतिक अधिकाऱ्याला यजमान देशात स्वतःच्या फायद्यासाठी धंदा-व्यवसाय करायला मनाई आहे. जोडीदाराला पगारी काम करता येतं का, हे त्या देशाशी भारताचा काय करार आहे त्यावर ठरतं. असा करार असला तरी परवानगी दूतावासामार्फत त्यांच्या परराष्ट्र खात्याकडे मागावी लागते, त्या कामापुरतं तिथल्या दिवाणी कायद्यापासूनचं संरक्षण सुटतं, कमाईवर तिथला कर लागू शकतो, आणि बायकोची बदली झाली की परवानगीही संपते. पगार नागपुरातल्या खात्यात जमा होतो म्हणून काम नागपुरात झालं असं धरता येत नाही. तू बसलेला कैरोत असतोस. तेव्हा निघण्याआधी दूतावासाच्या प्रशासन विभागाला लिहून विचारा आणि उत्तरही लिहूनच घ्या. शिवाय आपल्या मंत्रालयाची परवानगी लागते ती वेगळी. उत्तर ‘नाही’ आलं तर वाईट वाटेल, पण इथं कळलेलं बरं. मग बिनपगारी रजा मागता येईल, पुढचं शिक्षण ठरवता येईल. कैरोत 1919 पासून अमेरिकन विद्यापीठ आहे, ऑनलाइन पदव्या आहेत. यातलं काय निवडायचं ते तू ठरव. मला एवढंच हवं आहे की विमानात बसताना तुझ्याजवळ तुझं स्वतःचं काहीतरी ठरलेलं असावं.

आता नातेवाइकांबद्दल. परवा लग्नाच्या हॉलमध्ये तुझ्या मामांनी विचारलं, ‘‘ती साहेब होईल, तू काय करशील बाप्पा तिथं?’’ लोक हसले, तू पण हसलास, पण तुझा चेहरा मी पाहत होते. हा प्रश्न तुला तिथंही भेटेल. मेजवानीत पाहुणे आधी तुझ्याकडे हात पुढे करतील, तूच अधिकारी आहेस असं धरून बोलायला लागतील. तेव्हा घाईघाईनं ‘‘मी नाही, ही’’ म्हणून मागे सरकू नकोस. शांतपणे तिची ओळख तिच्या पदानं करून दे आणि मग तुझी, तुझ्या नावानं आणि तुझ्या कामानं. हे दोन वाक्यांचं काम आहे, पण घरी बोलून सवय करून घ्या, कारण पहिल्या वेळी जीभ अडखळते.

आणि मामांच्या प्रश्नाचा फार राग येत असेल तर हे लक्षात घे की ही सेवा एकेकाळी स्वतःच असा विचार करत होती. सी. बी. मुथम्मा 1949 मध्ये परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या स्त्री. त्या काळी स्त्री अधिकाऱ्याला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी लागायची आणि लग्नामुळं कामात अडथळा येतो असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागता यायचा. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. त्या स्वतः त्याआधीच हंगेरीत राजदूत झाल्या होत्या. म्हणजे तुझ्या बायकोला आज नोकरी आणि नवरा दोन्ही घेऊन कैरोला जाता येतं, हे कोणीतरी भांडून मिळवलेलं आहे. तू तिच्याबरोबर जातोस यात कमीपणा तर नाहीच, मला त्याचा फार अभिमान वाटतो. हे मी तुझ्या मामांनाही सांगितलं.

भाषेकडे येते. ती शिकेल ती पुस्तकांची, वर्तमानपत्रांची, भाषणांची अरबी, म्हणजे फुसहा. कैरोच्या रस्त्यावर ती कोणी बोलत नाही. तिथं चालते अम्मिया, इजिप्तची बोली. भाजीवाला, बव्वाब म्हणजे इमारतीचा राखणदार, टॅक्सीवाला, केस कापणारा, सगळे हीच बोलतात. परीक्षेच्या ओझ्याखाली तिला बोलीकडे पाहायला वेळ मिळणार नाही. ती तू शीक. पहिल्याच महिन्यात शिकवणी लाव. पुस्तक हातात घेऊन ती संध्याकाळी बसेल तेव्हा तुझ्याकडे बाजारातून आणलेले शब्द असतील, आणि ती वर्गातल्या अरबीत बोलली म्हणून दुकानदार गोंधळेल तेव्हा तू पुढे होशील. रात्रीच्या त्या अभ्यासाच्या तासांत तिच्याशी गप्पा मारायचा हट्ट धरू नकोस. नव्या संसारात हे जड जातं, मला माहीत आहे. त्याऐवजी रोजची एक वेळ पक्की करा, सकाळच्या चहाची म्हण, आणि तेव्हा दूतावासाचा विषय काढायचा नाही.

चारचौघांत काय बोलायचं याची तुला धास्ती वाटते असं आई म्हणाली. त्यांचे जुने अध्यक्ष नासर आणि आपले नेहरू यांची मैत्री आणि अमिताभ बच्चन हे दोन विषय इजिप्तची माणसं स्वतःच काढतील, प्रेमानं काढतील. पण तुझ्याजवळ याहून चांगला विषय आहे आणि तो घरचा आहे. तुझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते ना? 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना. भाव असे चढले की आपल्या वऱ्हाडात आणि नाईलच्या खोऱ्यात एकाच वेळी कापसाचं वेड पसरलं. युद्ध संपलं, भाव कोसळले. तिकडे खेदिव, म्हणजे इजिप्तचा राज्यकर्ता, इस्माईलनं आधीच भरमसाट कर्ज काढलेलं, ते फिटेना, सावकार देश आत शिरले आणि 1882 मध्ये इंग्रजी फौज उतरली. इकडे 1867 मध्ये रेल्वे नागपुरापर्यंत आली ती कापूस ओढून न्यायलाच, आणि 1877 मध्ये जमशेटजी टाटांनी इथं एम्प्रेस मिल काढली. त्यांचा कापूस लांब धाग्याचा, जगात नावाजलेला. आपला तेव्हा आखूड धाग्याचा. नाईलच्या डेल्टातल्या शेतकरी घरातून आलेला एखादा प्राध्यापक किंवा अधिकारी भेटला आणि तू हे काढलंस, तर तो तुला घरी जेवायला बोलावेल. यवतमाळ-वर्ध्याच्या शेतकऱ्याचं आजचं दुःखही त्याला समजावून सांगावं लागणार नाही. अशा ओळखी तुझ्या असतील, तिच्या पदामुळं आलेल्या नाहीत. तिला त्या पुढे किती उपयोगी पडतील ते तू बघशीलच.

बोलायचं काय नाही, तेही सांगते. तिथल्या राजकारणावर मत द्यायचं नाही, तिथल्या माणसाकडे नाही आणि नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. यजमान देशाच्या अंतर्गत बाबींत पडायचं नाही हा व्हिएन्ना कराराचाच भाग आहे, आणि जोडीदाराचं लिहिणं लोक दूतावासाचं लिहिणं समजतात. कोण जेवायला आलं, ती कुठल्या गावाला गेली, तिला आज उशीर का झाला, यातलं काही फोटोसह टाकू नकोस. कोणी महागडी भेट दिली तर ठेवून घेण्याआधी तिला सांग. अशा भेटी कळवाव्या लागतात, ठरलेल्या किमतीच्या वरच्या तोशाखान्यात, म्हणजे सरकारच्या भेटवस्तूंच्या भांडारात, जातात.

तुला मरून रंगाचा राजनैतिक पासपोर्ट मिळेल. संरक्षण त्या पुस्तिकेनं मिळत नाही. यजमान देशानं तुमची नोंद मान्य केल्यावर मिळतं, आणि त्या देशापुरतं. सुट्टीत तिसऱ्या देशात फिरायला गेलात तर तिथं तुम्ही इतर प्रवाशांसारखेच. म्हणून आता यादीतली पहिली गोष्ट, न नेण्याची: खसखस. आखातातून विमान बदलत जाणार असाल तर हे फार महत्त्वाचं आहे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगणं हा अमली पदार्थांचा गुन्हा धरतात, आणि आपल्या सावजी मसाल्यात खसखस असते. आई प्रेमानं डबा भरून देईल, तर तिला खसखशीशिवाय कुटायला सांग. दुसरं, औषधं. ट्रामाडोलवर इजिप्तमध्ये कडक बंदोबस्त आहे. पाठदुखीसाठी इथल्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांत ते आहे का ते बघून घे. बाकीची औषधं चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात.

न्यायचं ते असं. प्रेशर कुकर, त्याच्या जादा रिंगा आणि शिट्ट्या. मिक्सर खुशाल ने. तिथंही 220 व्होल्टच आहे, फक्त जाड तीन पिनांसाठी अडॅप्टर लागेल. भिवापूरची मिरची, मूगवड्या, थोडं वाळवण. तूरडाळीची पोती भरू नका. वालासारख्या दाण्यांचा ‘फूल’ नावाचा तिथला पदार्थ आणि कोशरी, म्हणजे भात, मसूर आणि मॅकरोनीचं मिश्रण, आठवडाभरात आवडू लागतं, मी खात्रीनं सांगते. जाड स्वेटर एक पुरे. आपल्या मे महिन्यातून गेलेल्याला तिथला उन्हाळा त्रास देत नाही, पण वसंतात खमसीनचं धुळीचं वारं सुटतं, तेव्हा दारं-खिडक्या बंद ठेवायच्या.

पैशाचं थोडक्यात. परदेश भत्ता मोठा दिसतो, तो तिथं राहण्यासाठी असतो आणि दिल्लीला परत आलात की थांबतो. त्याच्या भरवशावर इथं फ्लॅटचा हप्ता बांधू नका. तिचं आयकराचं गणित आणि तुझं वेगळं असेल, सीएला आत्ताच भेट.

आई-बाबांचं मात्र नीट कर. बाबांच्या तपासण्यांची फाईल फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेव, विमा पॉलिसी आणि बँकेचे अधिकार कोणाकडे ते कागदावर असू दे, आणि रात्री-बेरात्री हाकेला येईल असा एक माणूस ठरव. माझा नंबर त्यात पहिला लिही. कैरोत सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवार कामाचा. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, उन्हाळ्यात अडीच. आईला रविवारी दुपारी फोनची वाट पाहायची सवय लागेल आणि तेव्हा सूनबाई वर्गात असेल. म्हणून फोनचा वार शनिवार, हे जाण्याआधीच आईला सांगून टाक.

विद्यापीठाच्या गुणपत्रिका, ट्रान्सक्रिप्ट आणि त्यांचं साक्षांकन या आठवड्यात सुरू कर. पुढे नोकरी किंवा प्रवेश काहीही ठरलं तरी ते कागद लागतील, आणि परदेशातून ते मागवणं फार कठीण जातं. महापालिकेच्या झोनमधून विवाह नोंदणीच्या जादा प्रती घे. लग्नानंतर तिनं नाव बदललेलं नाही, तेव्हा दाखला, आधार आणि पासपोर्ट यांवर दोघांच्या नावांचं स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळतं का ते पाहा. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओत मिळतो, तो वर्षभरच चालतो, म्हणून अगदी शेवटी काढ.

कंपनीबद्दल दूतावासाला लिहायच्या पत्राचा मसुदा तू कर आणि शनिवारी सूनबाईला घेऊन ये. तिघं मिळून वाचू.

तुझी,
काकू