वऱ्हाडी मंडळींना कुठला फॉण्ट द्यावा?

प्रश्न : मुलीचं लग्न मे महिन्यात आहे. पत्रिकेसाठी मुलाने मोबाइलवर एक झोकदार कॅलिग्राफी फॉण्ट शोधलाय. प्रेसवाले म्हणतात, 'शुभकार्य आहे, मंगलच घ्या.' कार्ड मरून आहे, छपाई सोनेरी. कुणाचं ऐकू?
– एक वधूपिता, महाल, नागपूर

उत्तर : पूर्ण कुणाचंच नका ऐकू. मंगल हा र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला फॉण्ट, कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाचता यावा म्हणून. तेव्हाच्या पडद्यांवर मराठी धड दिसू लागली ती त्याच्यामुळे, त्यामुळे त्याला सरसकट नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. पण कागदावर, त्यातही लग्नाच्या, तो तहसील कचेरीतून आल्यासारखा वाटतो.

मुलाचा फॉण्ट वधूवरांच्या नावांना वापरा आणि तिथेच थांबा. निमंत्रकांची ती भली मोठी यादी कॅलिग्राफीत टाकलीत, तर स्वतःचं नाव शोधता शोधता तुमचे काका रुसतील. बाकी मजकुराला मुक्ता घ्या. 'एक टाइप' नावाच्या, फॉण्ट बनवणाऱ्या मुंबईच्या मंडळींचा आहे, गूगल फॉण्ट्सवर फुकट मिळतो. मला स्वतःला तिरो देवनागरी मराठी जास्त आवडतो. त्याची जाड-बारीक रेघ जुन्या छापील पुस्तकाची आठवण देते. पण मरूनवर सोनेरी फॉइल बसताना बारीक रेघ तुटते, म्हणून इथे मुक्ताच. बारा पॉइंटच्या खाली जाऊ नका.

फॉण्ट पक्का करण्याआधी मात्र प्रेसवाल्यांकडून हे शब्द छापून मागवा : वऱ्हाडी, लक्ष्मी, हृषीकेश, ॲड. सगळे जण 'शुभविवाह' बघून फॉण्ट निवडतात. त्यात अवघड असं काही नाहीच, कुठल्याही फॉण्टात तो गोडच दिसतो. 'वऱ्हाडी'तल्या ह-च्या डोक्यावर रफार चढला असेल, तर एकतर टाइप करणाऱ्याने नेहमीचा र वापरलाय, नाहीतर 'ऱ्' हे अर्धं अक्षर फॉण्टात धड बसवलेलंच नाही. आधी टायपिंग तपासा, मग फॉण्ट बदला. विदर्भातल्या लग्नात हा शब्द चुकवून कसं चालेल? ॲ-ला तर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, जागाच मिळाली २००८ साली. त्याआधीच्या फॉण्टात तिथे रिकामी चौकट येऊ शकते. आणि नागपूरची पत्रिका, हायकोर्टाचं खंडपीठ गावातच, म्हणजे यादीत एखादा ॲड. निघणारच.

ओळ भरावी म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवू देऊ नका. इंग्रजीत ते खपतं. आपल्याकडे शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

प्रश्न : बर्डीवर साड्यांचं दुकान आहे. नव्या पाटीच्या नमुन्यात ल आणि श हिंदीसारखे आलेत. शिवाय इंग्रजी आणि मराठी एकाच पॉइंटात असूनही मराठी लहान वाटतं. नियमात बसेल का?
– एक दुकानदार

उत्तर : दुकानांच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनुसार पाटीवरची मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. पॉइंटच्या भरवशावर राहू नका. त्या मापात वेलांटी, मात्रा, उकार यांची जागाही धरलेली असते, म्हणून मूळ अक्षर आक्रसतं. सरळ पट्टी लावा. शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची इंग्रजी कॅपिटलपेक्षा जराशी जास्तच ठेवा.

ल आणि श-बद्दल फॉण्टाला लगेच दोष देऊ नका. बऱ्याच चांगल्या फॉण्टांत दोन्ही वळणं असतात, आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा 'मराठी' निवडली की दोन पाकळ्यांचा ल येतो. फ्लेक्सवाल्यांकडे ती बहुतेक हिंदीच असते. बदलायला सांगा. तिरो या फॉण्ट बनवणाऱ्या कंपनीने तर हिंदी, मराठी, संस्कृत असे तीन फॉण्टच वेगळे केलेत.

खरं सांगायचं तर हिंदी ल बघून माझं काही रक्त उसळत नाही. १९५६पर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं, दोन्ही वळणं इथे पिढ्यानपिढ्या नांदली आहेत. पण एकाच पाटीवर ल मराठी आणि श हिंदी? ते नको.

प्रश्न : मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर कृतिदेवमध्ये टाइप झालाय. व्हॉट्सॲपवर टाकला की नुसती इंग्रजी अक्षरं येतात. पुन्हा टाइप करू का?
– एक कार्यकर्ती, इतवारी

उत्तर : नका करू. तो मजकूर आत इंग्रजीच आहे. कृतिदेवने इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. फॉण्ट गेला की चित्रं गेली. कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, मग रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून वाचा, गडबड तिथेच होते. टायपिस्टची रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डची, सवय मोडायची गरज नाही, युनिकोडसाठीही तो कीबोर्ड मिळतो.

प्रश्न : आमच्या चौकातल्या एका ज्येष्ठांसाठी श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचाय. पोरांनी बलू हा फॉण्ट निवडला. शोभेल का?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : नाही हो! बलू गुबगुबीत आहे, हसरा आहे, मला फार आवडतो, पण बालवाडीच्या पाटीवर. इथे मुक्ताचं मध्यम वजन घ्या. ठळक हवं असेल तर मुक्ताचाच खरा बोल्ड वापरा. सॉफ्टवेअरने फुगवलेल्या अक्षरांची पोटं बुजतात. आणि छापायला देण्याआधी 'श्रद्धांजली'त द आधी आणि ध नंतर आहे ना, हे बघून घ्या. अर्ध्या शहरात ते उलटं छापलेलं असतं.