तेरवी झाली, आता आधी ताईचं नाव लाव

बेटा,

काल तुझा फोन आला तेव्हा मी वावरात होतो, तुरीवर फवारणी चालू होती म्हणून नीट बोलणं झालं नाही, आणि हे फोनवर सांगण्यासारखंही नाही म्हणून लिहून राहिलो. तुझे बाबा जाऊन महिनाही नाही झाला आणि तू विचारतोस की काका, ताईकडून हक्कसोड, म्हणजे तिनं तिचा हिस्सा सोडल्याचा कागद, करून घ्यायला खर्च किती येते. तुझा राग नाही आला मला. तेरवीच्या पंगतीतच कोणीतरी तुझ्या कानाशी लागलं असणार की पोरीचं नाव एकदा सातबाऱ्यावर चढलं की उतरत नाही. मलाही असंच सांगितलं होतं आणि मी ऐकलं होतं.

आमचे बाबा २००६ मध्ये गेले. मी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र केलं त्यात मा, मी आणि लहाना भाऊ, बस. पटवाऱ्यानं विचारलं बहीण नाही का, मी म्हटलं तिचं लग्न झालं, तिला काही नको. तिला विचारलं नव्हतं. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलल्याची नोंद, मंजूर झाला, दहा वर्षं कोणी काही बोललं नाही, मग हायवेत दीड एकर गेलं अन् मोबदल्याची नोटीस आली. बहिणीनं हरकत घेतली. पैसा कोर्टात जमा झाला अन् पाच वर्षं तिथंच पडून राहिला, आम्ही पेशीवर पेशी करत राहिलो. एका पेशीला आम्ही दोघं एकाच एसटीत होतो, ती समोर, मी मागं. कंडक्टर आमच्याच गावचा, त्याला काही माहीत नव्हतं, तो मला म्हणे ताईचं तिकीट तूच काढतो ना. मी खिडकीच्या बाहेर पाहत राहिलो. तिनं पदराची गाठ सोडून तिचे पैसे मोजून दिले, चिल्लर. ते मी अजून विसरलो नाही.

म्हणून सांगतो, हक्कसोड वगैरे नंतर, आधी वारस नोंद कर आणि त्यात एकही नाव गाळू नको.

आता कायद्याचं ऐक. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, त्यात बाप मेल्यावर पहिल्या वर्गात पोरगा, पोरगी, बायको आणि मेलेल्याची माय. ही माय सगळे विसरतात. तुझी आजी जिवंत आहे ना? मग तिचं नाव लागलंच पाहिजे. बाबांनी स्वतः घेतलेलं नाल्याकाठचं वावर आहे त्यात, मृत्युपत्र नसेल तर, तुम्ही चौघं सारखे हिस्सेदार, आई, आजी, ताई, तू. आबाजीकडून आलेल्या वडिलोपार्जित वावराचा हिशेब थोडा वेगळा निघते पण त्यातही बाबांच्या हिश्शात आजी येतेच. आणि उद्या आजी गेली की तिचा हिस्सा तुझ्या सख्ख्या काकाजीकडे अन् आत्याकडेही जाईल, तुम्हा भावंडांसोबत, म्हणजे आज तिचं नाव लपवलं तर उद्या काकाजी तुझ्यावर दावा टाकायला मोकळे.

पोरीचा हक्क लग्नानं जात नाही. ९ सप्टेंबर २००५ ची दुरुस्ती आहे, वडिलोपार्जित जमिनीत पोरगी जन्मापासून पोराएवढीच हिस्सेदार, आणि २००५ ला बाप जिवंत असलाच पाहिजे असंही नाही हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्माच्या केसमध्ये सांगून टाकलं. हुंडा दिला, लग्नात खर्च केला, हे कोर्टात चालत नाही रे.

दुसरी गोष्ट, सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे मालक झालो हे डोक्यातून काढ. फेरफार हा सरकारचा महसुलापुरता कागद आहे, मालकी दिवाणी कोर्ट ठरवते. माझ्याच सातबाऱ्यावर बहिणीचं नाव नव्हतं, तरी तिचा हिस्सा निघालाच ना. बाबांच्या बँकेतल्या एफडीला तू नॉमिनी आहेस त्याचंही तसंच, नॉमिनी पैसे उचलू शकते पण ते सगळ्या वारसांचे असतात.

काम कसं करायचं ते सांगतो. मृत्यू दाखला, सगळ्यांचे आधार, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र घेऊन पटवाऱ्याकडे अर्ज, किंवा सरकारच्या ई-हक्क वेबसाइटवर ऑनलाइन. तीन महिन्यांत कळवायचं असते. मग नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, अन् मंडळ अधिकारी नोंद मंजूर करते. कोणी हरकत घेतली तर सुनावणी होते, निकाल पटला नाही तर एसडीओकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, साठ दिवसांत अपील. पुढे ढकलू नको, मेलेल्या माणसाच्या नावावर पीककर्ज मिळत नाही. सरकारनं २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम काढली ती यासाठीच, आपल्या बुलढाण्यातून सुरू झाली होती, गावोगावी आजोबा-पणजोबाच्या नावानं सातबारे पडून होते.

जुने कागदही काढून ठेव, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून १९५४-५५ चं अधिकार अभिलेख, म्हणजे तेव्हा जमीन कोणाच्या हक्काची होती ती नोंद, अन् तिथपासूनचे सगळे फेरफार. वावर वडिलोपार्जित की स्वकष्टाचं हे त्यातूनच निघते, वकिलाच्या बोलण्यातून नाही.

वाटणी करायची तर सगळे राजी असतील तेव्हा जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ नं तहसीलदाराकडे होते. राजी नसतील तर दिवाणी दावा, आणि त्यात डिक्री, म्हणजे कोर्टाचा निकाल, झाली तरी शेतसारा भरणाऱ्या वावराची प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्याकडूनच करून घ्यावी लागते, म्हणजे कोर्टात जिंकून पुन्हा तहसीलच्या चकरा आणि मोजणीची वाट. तोवर धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, एक दगडही हलवू नको, अन् सामायिक विहिरीच्या पाण्याची पाळी बाबा असताना जशी होती तशीच ठेव. अर्ध्या मारामाऱ्या धुऱ्यावरूनच सुरू होतात.

ताईनं खरंच मनानं हिस्सा सोडला तर सोडू दे, पण ते दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर झालं पाहिजे, स्टॅम्पवर नोटरी करून आणलेलं काही कामाचं नाही. आणि तिला हेही सांग की बाईमाणसाला तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळते, उत्पन्न कितीही असो. तू सांगशील तर तिला वाटेल भाऊ काही लपवत नाही. तुमचं नाहीच जमलं तर लोकअदालतीत बसा, तिथं तडजोड झाली की तिच्यावर अपील नाही, दोघांची वर्षं वाचतात.

पटवारी सोमवारी साझ्यावर, त्याच्या ऑफिसात, बसते. येताना मृत्यू दाखल्याच्या चार प्रती आण, आजीचं आधार आण, तिचा अंगठा नीट उमटत नाही तर बँकेतून आधीच तपासून घे. मी सोबत येईन. आणि त्याच्या आधी ताईला फोन कर, काय म्हणाली ते मला रात्री कळव, मी नऊपर्यंत जागा असतो.

तुझा काका