एएफपीवर आधारलेली लस आणि वडिलांचा रिपोर्ट

आपल्या वडिलांना हिपॅटायटिस बी आहे, ताज्या रिपोर्टमध्ये एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन हे रक्तातले प्रथिन) किंचित वाढलेले आले आहे, आणि याच प्रथिनापासून यकृताच्या कर्करोगाची लस तयार होत असल्याचे वाचून ती मुंबईत कुठे मिळेल, असे आपण विचारले आहे. अशी लस अजून परळलाच काय, कुठेही औषध म्हणून मिळत नाही. मात्र त्यामागची कल्पना पोकळ नाही.

अल्फा-फीटोप्रोटीन गर्भाच्या यकृतात भरपूर तयार होते आणि जन्मानंतर नाममात्र उरते. १९६३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ गारी अबेलेव यांना यकृताचे अर्बुद (गाठ) असलेल्या उंदरांच्या रक्तात ते पुन्हा आढळले आणि पुढच्याच वर्षी तातारिनोव यांना रुग्णांतही सापडले. अर्बुदाच्या पेशी जर हे प्रथिन बनवत असतील, तर टी-पेशींना (शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना) तेच लक्ष्य म्हणून शिकवावे, हा लशीमागचा विचार. घोडे अडते ते इथे: एएफपी हे शरीराचे स्वतःचेच प्रथिन असल्याने त्याला घट्ट चिकटणाऱ्या टी-पेशी, त्या जिथे घडतात त्या छातीतील थायमस ग्रंथीतच बाद होतात आणि उरतात त्या मवाळ. लॉस एंजेलिसमध्ये या प्रथिनाचे तुकडे रुग्णांना टोचण्यात आले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत टी-पेशी जाग्या झाल्याचे दिसले, गाठी मात्र आटल्या नाहीत. त्यानंतर अमेरिकेतील ऑगस्टा येथील संशोधकांनी प्रथिनातील मोजकी अमिनो आम्ले बदलली, जेणेकरून ते टी-पेशींना काहीसे परके वाटावे पण त्यांनी मूळ प्रथिनालाही ओळखावे; या लशीने उंदरांना रसायनजन्य यकृत कर्करोगापासून बऱ्याच अंशी वाचवले. उंदीर आणि माणूस यांत अंतर आहेच, शिवाय यकृताचे प्रत्येक अर्बुद एएफपी बनवतेच असे नाही.

वडिलांचे एएफपी केवळ यकृताच्या दाहामुळेही वाढलेले असू शकते. त्या एका आकड्यावरून कर्करोग ठरत नाही आणि नाकारताही येत नाही. तेव्हा यकृततज्ज्ञांना दाखवून सोनोग्राफी लगेच करून घ्यावी आणि ती दर सहा महिन्यांनी चालू ठेवावी. विषाणूविरोधी गोळ्या सुरू असल्यास मनाने बंद करू नयेत.

यकृताचा कर्करोग टाळणारी एक लस मात्र कधीचीच उपलब्ध आहे, ती हिपॅटायटिस बीची. तैवानने १९८४ पासून ती नवजात बालकांना दिली आणि तिथे मुलांमधील यकृताचा कर्करोग कमी झाला. वडिलांना आता तिचा उपयोग नाही. पण आई, आपण आणि भावंडे यांनी रक्त तपासून घ्यावे, आणि ज्यांना संसर्ग नाही व संरक्षणही नाही, त्यांनी ती घ्यावी.