शाळेत हवामान बदल शिकवायचा आणि वातावरणही सकारात्मक ठेवायचं, हे दोन्ही कसं जमवावं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की सहावी-सातवीच्या वर्गात हिमनग वितळतानाचा व्हिडिओ दाखवला, दोन मुली रडल्या, आणि मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की असले विषय घेऊन शाळेचं वातावरण निगेटिव्ह करू नका, पुस्तकात आहे तेवढं वाचा आणि पुढे चला. हे वाक्य मी जसंच्या तसं ऐकलेलं आहे. म्हणून लिहायला बसले, एरवी मी इथे नुसती वाचते.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या एका हायस्कूलला विज्ञान शिकवते. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा सगळ्या आमच्याच अंगावर येतात. जुलै लागला की पोरं क्रिकेटच्या स्कोअरसारखी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत फिरतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे पाढ्यांआधी पाठ असतं. राधानगरी धरणाचा कितवा स्वयंचलित दरवाजा उघडला हे चौथीतलं पोरगं सांगतं. अशा पोरांना पुस्तकातला पाठ वाचून दाखवायचा म्हणजे आपलंच हसं करून घ्यायचं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. गावात शिरलेलं पाणी आठवडाभर हललं नाही. माणसं आणि जनावरं छावण्यांत. स्वातंत्र्यदिनानंतर शाळा उघडली तेव्हा प्रयोगशाळेतला गाळ फावड्याने काढावा लागला. परीक्षानळ्यांत तो घट्ट बसला होता, पोरींनी एकेक नळी काडीने कोरून काढली. कुबट वास दिवाळीपर्यंत गेला नाही. आणि पाणी जिथे थांबलं होतं तिथे भिंतीवर तपकिरी रेघ उमटली होती, चारी भिंतींवर एकाच उंचीवर, फळ्याच्या बरोबर मधून.

आठवीचा वर्ग आत आला तो आपसूक त्या रेघेपाशीच गेला. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मी बुडलो असतो का बघा की." रेघ तिच्या कपाळावरून जात होती. मग काय, सगळ्यांनीच रांग लावली. प्रत्येकाची उंची खडूने रेघेशेजारी लिहिली. मी रडारड होईल म्हणून तयारीत होते, पण पोरं हसत होती आणि न थांबता बोलत होती. आमच्यात माळ्यापतोर आलतं. आमची म्हस दावं तोडून गेली ती तिसऱ्या गावात घावली. पंचनाम्यात आमचं मागचं घर धरलंच न्हाई. उसाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांत, गाळ बसला की वरून हिरवा दिसणारा ऊसही संपलेला असतो, हे मला त्या दिवशी एका पोराने नीट समजावून सांगितलं.

पुढे गाडी कारणांवर आली. एक म्हणाला, अलमट्टीमुळं. अलमट्टी म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवरचं धरण, त्याचं पाणी मागे फुगून आमच्याकडे पूर येतो असं इथे मानतात. आमच्या भागात हे वाक्य चहाच्या टपरीवर बोललं की विषय संपतो. पण मागच्या बाकावरचा दुसरा उठला. त्याचं आजोळ चिक्कोडी तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. तो म्हणाला, "मामाचं पण घर बुडालंय. मग मामानं कुणावर ढकलायचं?" दोघं हातघाईवर यायचेच बाकी होते. त्यांना मी गप्प बसवलं नाही. प्रत्येकाने घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारून यायचं, २००५ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं आणि या वेळी कुठपर्यंत, एवढं काम दिलं. कोण देवळाची पायरी सांगत आला, कोण दारातल्या चिंचेची फांदी. दोन दिवसांत गावाचा नकाशा फळ्यावर तयार झाला आणि त्यातून पोरांनीच प्रश्न काढला की नदीच्या बाजूला भराव टाकून रस्ता उंच केला, त्या अंगाला पाणी जास्त दिवस का तुंबलं.

इथे विज्ञान शिकवायला जागा झाली. हवा एक अंश तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. अरबी समुद्र तापतोय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात, गुजरात-महाराष्ट्रापासून पूर्वेकडे, मोठ्या टापूवर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात जवळपास तिप्पट झाल्या. म्हणजे पाऊस आभाळातून जास्त जोरात येतोय हे एक, आणि आलेलं पाणी जायला आपण वाट ठेवली नाही हे दुसरं. धरणातून पाणी कधी सोडलं हे तिसरं. पुराचा अभ्यास करायला राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीच्या अहवालाने अलमट्टीला पुराचं मुख्य कारण मानलं नाही, आणि गावात तो अहवाल आजही फारसा कुणाला पटलेला नाही, हेही मी वर्गात सांगते. आठवीच्या पोरांना तीन कारणं एका वेळी डोक्यात धरता येतात. मोठ्यांना येत नाहीत.

आता हेडसर. ते तेव्हा नुकतेच एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते, शाळेत आनंददायी वातावरण कसं निर्माण करावं यावर. भिंतीवरची रेघ आणि खडूचे आकडे बघून त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. "बाई, मुलांच्या मनावर परिणाम होतो. पॉझिटिव्ह काहीतरी घ्या. झाडं लावा." पुढच्या आठवड्यात पेंटर आला. रेघेवर निळा रंग, त्यावर दोन तळहातांत धरलेली हिरवी पृथ्वी, खाली झाडे लावा झाडे जगवा. पोरांनी लिहिलेले आकडे गेले.

आणि हेच गृहस्थ त्याच आठवड्यात परिपाठाला गणवेश नसलेल्या मुलांना वेगळ्या रांगेत उभं करत होते. गणवेश कुठून आणायचा? तो वाहून गेला होता. ती कपाळावर रेघ आलेली मुलगी मोठ्या बहिणीच्या पंजाबी ड्रेसवर यायची आणि रोज त्या वेगळ्या रांगेत मान खाली घालून उभी राहायची. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं की सर, मनावर परिणाम रेघेने होतो की या रांगेने? शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम मानसिक त्रास देण्यालाही बंदी करतं, तेही मी बोलले. पुढचे कितीतरी महिने आम्ही कामापुरतं बोलत होतो. वेगळी रांग मात्र दुसऱ्या दिवसापासून बंद झाली.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं की हे दोन विषय वेगळे नाहीतच. ज्या वर्गात "आमच्या घरात पाणी शिरलं", "आमची विहीर आटली", "बापाला उन्हात चक्कर आली" हे बोलायची सोय नाही, तिथे हवामान बदल शिकवून काही उपयोग नाही. आणि ती सोय असली की तक्ते, घोषणा, वेशभूषा स्पर्धा काहीच लागत नाही. पृथ्वी ताई आणि प्लास्टिक राक्षस यांचं नाटुकलं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता नुसता राक्षस आला तरी उठून जावंसं वाटतं.

तुमचा व्हिडिओही मला पटला नाही, स्पष्ट सांगते. उत्तर ध्रुवावरच्या हिमनगासाठी तुमच्या मुली रडण्यापलीकडे काय करणार? तुमच्या गावात जे बदललंय तिथून सुरुवात करा. विदर्भात असाल तर उन्हाळा, तिकडे शाळाच उशिरा उघडतात. लातूरकडे असाल तर २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं होतं, ते आणणारी आणि पिणारी माणसं अजून गावात आहेत, बोलवा त्यांना. रायगड-रत्नागिरीकडे असाल तर २०२० च्या जूनमधल्या निसर्ग वादळात कुणाच्या किती नारळी-पोफळी पडल्या ते मोजा.

एक चूक मात्र टाळा, कारण ती शिक्षकच जास्त करतात. ओझोनच्या थराला पडलेलं भोक आणि तापमानवाढ एक नव्हे. "ओझोनला भोक पडलं म्हणून ऊन वाढलं" हे मी बी.एड. झालेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. ओझोनचा प्रश्न मुख्यतः जुन्या फ्रिज-एसीत वापरायचे त्या सीएफसी वायूंचा, त्यावर १९८७ ला माँट्रियल करार झाला आणि तो लागू पडला, थर सावरतोय. मुलांना आशा द्यायचीच असेल तर ही द्या, ती खरी आहे. तापमानवाढ कोळसा, तेल, गॅस जाळून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची. औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेत दहा लाख भागांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर आहे.

हे सांगितलं की एखादं हुशार पोरगं हमखास विचारतं, जाळलं कुणी? टाळू नका. एक अमेरिकन माणूस सरासरी भारतीयाच्या सहा-सातपट कार्बन हवेत सोडतो, हे सांगा. आपल्याकडे पंख्याखाली बसणारा आणि चार एसी लावणारा दोघे त्याच सरासरीत मोजले जातात, हेही सांगा. अन्याय आहे हे कळल्याने मुलं खचत नाहीत. आपण काहीतरी लपवतोय हे कळलं की खचतात. २०२१ मध्ये दहा देशांतल्या दहा हजार तरुणांची पाहणी झाली होती, भारत त्यात होता. ५९ टक्के जणांना हवामान बदलाची फार किंवा अतिशय काळजी वाटत होती, आणि मोठी माणसं, विशेषतः सरकारं, हात झटकतात म्हणून त्यांचा त्रास वाढत होता. हे हेडसरांना दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, बाई, हे शहरातलं झालं.

झाडांबद्दल माझं वैर नाही. पण झाड लावतानाचा फोटो, पोर्टलवर अपलोड, संपलं, याला पर्यावरण शिक्षण म्हणू नका. गेल्या वर्षी लावलेल्यांतली किती जगली हे मोजणारी शाळा मला दाखवा. मी ते आमच्या हरितसेनेला, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या पर्यावरण गटाला, मोजायला लावलं. आकडा फलकावर लिहायचा नाही, असं ठरलं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, करोनामुळे शाळा बंदच होती. गाळ काढायला गेलो तर त्या हिरव्या पृथ्वीचा खालचा अर्धा भाग रंगासकट निघून आला होता. मला आनंद झाला असं कुणी म्हणू नये. थोडा झाला. हेडसर पुढे निवृत्त झाले, लग्नाकार्यात भेटतात, आणि आजही म्हणतात की तुम्ही पोरांना घाबरवता. मी म्हणते, सर, पोरं पुराला भितात, माझ्या तासाला नाही. जेवायला बसेपर्यंत हे चालतं.

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. ज्या घरात पुरात, दरडीत किंवा उष्माघाताने माणूस गेलंय, तिथल्या मुलाला वर्गात उभं करून बोलायला लावू नका. त्या दिवशी त्याला दुसरं काम द्या, पालकांशी आधी बोला, जवळ समुपदेशक असेल तर त्यांना विचारा. माझ्या वर्गात कुणी दगावलेलं नव्हतं म्हणून उंचीचा तो खेळ हसत झाला. सांगलीकडच्या ब्रह्मनाळला, जिथे त्याच पुरात माणसांनी भरलेली बोट उलटली, तिथे मी तो केला नसता. दुसरं, पाचवीच्या खालच्या मुलांना आकडे आणि देशांची भांडणं नकोत, त्यांना पाऊस, ऊन, विहीर एवढं पुरे. तिसरं, तुमच्या मुख्याध्यापकांशी माझ्यासारखं स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर भांडू नका, निदान नोकरी कायम होईपर्यंत. आनंददायी शनिवार हा सरकारी उपक्रम वेळापत्रकात असेल तर विषय त्यात घाला, नाव त्यांचं, काम तुमचं.

सुरुवात कशाने करायची एवढंच हवं असेल तर पर्जन्यमापक. सरळ भिंतीची, सपाट बुडाची बरणी आणि एक पट्टी. झाडापासून आणि भिंतीपासून लांब ठेवा. सोड्याची बाटली घेतलीत तर बुडाच्या खळग्यात खडे टाकून पाणी पट्टीच्या शून्यापर्यंत भरा, नाहीतर आकडा चुकतो. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, मग शाळेच्या छपराचं गणित करायला लावा, पोरांचे डोळे पांढरे होतात. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की अतिवृष्टी धरतात, हे त्यांच्या बापांना तोंडपाठ आहे. आपल्या गावचा आकडा आणि मंडळाचा आकडा शेजारी शेजारी लिहिला की घरी चर्चा आपोआप होते. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, तुम्हीही तेव्हाच मोजा. रविवारी आणि सणाला कोण मोजणार हे आधी ठरवून नाव लिहून ठेवा. शाळेजवळ राहणारं पोर निवडा, हुशार नको, नेमाचं हवं.