मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं ना?

भाऊ, तुम्ही विचारलंय की इतकी वर्षं रिव्हॉल्व्हर होतं, आता पॉइंट ३२ चं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घेतलंय, तर घरी आल्यावर मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, काढलं की पिस्तूल रिकामं समजायचं का? अजिबात नाही. मी नागपुरात पोलिसांच्या शस्त्रागारात नोकरी केली, आता निवृत्त आहे. अपघाताच्या ज्या हकिगती कानावर यायच्या, त्यांत "साहेब, मॅगझिन तर काढलं होतं" हे वाक्य हमखास असायचं.

रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडलं की सगळी काडतुसं डोळ्यांसमोर. पिस्तुलात स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, एकदा ओढून सोडली की मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, जाऊन बसतं. मग मॅगझिन खिशात टाका नाहीतर कपाटात, ते एक आतच राहतं. काही पिस्तुलांत मॅगझिन नसताना चाप चालत नाही, पण सगळ्यांत ती सोय नसते.

म्हणून क्रम पक्का ठेवा: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या कड्याबाहेर, आधी मॅगझिन, मग स्लाइड. उलटं केलं तर चेंबरमधलं काडतूस बाहेर उडतं, मॅगझिनमधलं दुसरं आत जातं, आणि मग मॅगझिन काढून "झालं रिकामं" म्हणणाऱ्याच्या हातात भरलेलं पिस्तूल असतं. स्लाइड दोन-तीनदा ओढा, मागे अडकवा, उजेडात चेंबर बघा आणि करंगळीचं टोक आत घालून चाचपा. डोळे सवयीने रिकामंच बघतात.

बाहेर पडणारं काडतूस तळहाताने झेलायची हौस अनेकांना असते, टीव्हीवर बघून. हात आडवा आला तर काडतुसाचं बूड इजेक्टरवर, म्हणजे काडतूस बाहेर फेकणाऱ्या खिळीवर, आपटून ते तिथेच फुटू शकतं. पडू द्या खाली, उचलता येतं. पिस्तूल हातातून सुटलं तरी तेच. झेलायला जाल तर बोट नेमकं चापावर जातं.

फ्लॅटमध्ये सुरक्षित दिशा कुठली, हा प्रश्न खराच आहे. फरशीवरून गोळी उसळते, भिंतीपलीकडे शेजारी. कोरड्या वाळूने काठोकाठ भरलेली बादली ठेवा आणि नळी तिच्यात रोखूनच हे सगळं करा.

नेमबाजीच्या रेंजवर गेलात की रिव्हॉल्व्हरची एक सवय मोडावी लागेल. डाव्या हाताचा अंगठा मागून आडवा घेऊ नका, स्लाइड मागे येताना तो फाडते. एक गोळी सुटली की रिकामी पुंगळी बाहेर, दुसरं काडतूस आत. बाहेर घोडा (हॅमर) असलेल्या पिस्तुलात तोही चढलेला. पुढच्या गोळीला चाप बहुधा अगदी हलका लागतो. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून तीस सेकंद थांबा, मग मॅगझिन, मग स्लाइड. आवाज फुसका आला तर मात्र तिथेच थांबायचं आणि नळी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायची. गोळी नळीतच अडकली असेल तर पुढची नळी फाडू शकते.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. कमरेला लावलेलं शस्त्र घामाने लवकर गंजतं, रोज पुसा, तेलाचा हात हलकाच ठेवा. बंद गाडीत तर ठेवूच नका. उन्हाचं राहू द्या, काच फोडून कोणी नेलं तर जबाब तुम्हालाच द्यावा लागेल. आणि लग्नात कोणी "एक बार होऊन जाऊ द्या" म्हटलं तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा हौसेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे सांगून मोकळे व्हा.

निवडणुकीच्या वेळी शस्त्र जमा करायचा आदेश आला, तर घरूनच रिकामं करून, काडतुसं वेगळ्या पिशवीत घेऊन जा. पोलीस ठाण्यातल्या टेबलावर स्लाइड ओढत बसू नका, आणि पावतीवर शस्त्राचा नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथेच बघून घ्या.